उंदरांचा हंगाम

आमच्याकडे मे महिना सरला
की पोरं काडेपेटी घेऊन रानात शिरतात.
वाळला पाला पेटतो,
धुरानं गुदमरून उंदीर बिळाबाहेर येतात,
आणि संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेला
काडीत ओवून विकायला उभे असतात.
म्हणजे पोरं उभी असतात, उंदीर नव्हे.
मीही उभा राहिलोय तिथं. मीठ लावून वाळवलेल्या
उंदराची चव दुसऱ्या कशाला नाही,
हे आधीच सांगून ठेवतो.

न्यासोको, माझी बायको
(लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी गाव तिला
बापाच्या कुळावरूनच हाक मारतं),
एका वर्षी रुकुरू नदीपलीकडून, बहिणीकडून
टोपलीभर तूर घेऊन आली.
परत करायच्या दोन टोपल्या, असा व्यवहार.
म्हणाली, ओढ्याकडचा अर्धा तुकडा मला दे.
दिला. खताचं पोतं त्या साली इतकं महागलेलं
की तसंही ते अर्ध्यालाच पुरणार होतं.

तिनं भुईमूग लावला, त्यातच तूर.
शेंगा निघाल्यावर वेल गोळा करून
वरंब्यांत पुरू लागली.
कुमवेंडा बांधावरून ओरडला,
"कोण गेलं गं? आम्हाला कळवलं नाहीस!"
मी हसलो. बायकोकडे पाठ करून, पण हसलो.

तिसऱ्या दिवशी उरलेला पाला पोरांनी पेटवला.
त्यांच्यात आमचा वोंगानीही होता.
ती ओरडली नाही.
रात्री मक्याची सिमा वाढली, नुसती,
सोबत काही नाही.
"उंदीर खा," म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात तिनंच पोरांना बोलावलं.
काडेपेट्या काढून घेतल्या, कमरेच्या कापडात बांधल्या.
बिळं मी दाखवते, खणा तुम्ही.
कुठल्या बिळाचं तोंड ताजं, कुठलं शिळं,
पळवाट कुठल्या गवताखाली निघते,
हे तिला ठाऊक असेल
असं मला कधी वाटलंच नव्हतं.
पोरांनी रान उकरून भुसभुशीत करून ठेवलं,
मागोमाग ती पाला आत लोटत गेली.
फुकटची मजुरी, मी म्हणालो.
"फुकट कुठली? सतरा उंदीर दिलेत."

मग तिच्या अर्ध्यात मका आला.
फेब्रुवारीत पाऊस तीन आठवडे फिरकला नाही.
माझ्या मक्याची पानं सुरळी होऊन वळली.
तिचा हिरवागार राहिला असं म्हणणार नाही,
तोही पिवळा पडला,
पण उशिरा, आणि कणसं धरल्यावर.
पोती किती झाली विचारू नका.
मोजली मीच,
मोठ्यानं मोजली नाहीत.

आता सगळ्याच बाया तूर लावतात
आणि सगळ्याच कुरकुरतात:
पिकवायची आम्ही, तीन तास शिजवायचीही आम्ही?
म्हणून एका रविवारी चर्चच्या आवारात
पुरुषांनी रांधायचं ठरलं.
तुराट्यांचा जाळ मोठा, माझं लक्ष गप्पांत,
तूर तळाला लागली.
कुमवेंडानं दोनदा वाढून घेतली,
तिसऱ्यांदा भांडं खरवडलं.

माझ्या अर्ध्यात अजून एक पोतं खत पडतं.
पूर्वी तीन पडायची.
ती त्यावर काही बोलत नाही,
आणि तिचं ते न बोलणं
मला पोत्याहून जड जातं.

यंदा आमच्या रानातले उंदीर
तूर खाऊन माजलेत.
काल कुमवेंडा बांधावर येऊन उभा राहिला,
रिकामी टोपली पाठीमागे धरून.
"दोन परत करायच्या," न्यासोको म्हणाली.
मी टोपली भरत होतो.
डोंगराच्या उतारावर कुणाचं तरी रान जळत होतं.
त्या वासानं मला
अजूनही भूक लागते.